टॅब्लेटची एक्सपायरी डेट

खंडाळा म्हटलं की बाहेरगावच्या मंडळींना लोणावळ्याशेजारचा, सिनेमातल्या गाण्यातला खंडाळा आठवतो. आपला खंडाळा तो नव्हे. पुण्याहून येताना नीरा ओलांडली की शिरवळ, मग खंडाळा आणि पुढे खंबाटकीचा घाट. सातारा जिल्ह्याचं हे उत्तरेकडचं टोक. सांगायची गोष्ट इथलीच आहे, आणि तीही होस्टेलच्या मेसमधली.

एका रात्री जेवणं उरकल्यावर मेसच्या मावशी ताटं गोळा करता करता आमच्या टेबलापाशी थांबल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक सात इंची टॅब्लेट काढून त्यांनी समोर ठेवला.

"आरं पोरांनो, तुमी कंपूटरवालं न्हवं का? ह्ये जरा बगा की. पोरगी दहावीला हाय. आदी चालत हुतं, आता त्या सरावाच्या पेपराचं काय बी उघडंना झालंय."

दुकानदाराने टॅब हातातही न घेता सांगितलं होतं, "जुना झालाय मावशी, नवीन घ्या." नवीन म्हणजे मावशींचा महिन्याभराचा पगार!

आम्ही तिसऱ्या वर्षाचे चार इंजिनिअर टॅबवर तुटून पडलो. काचेवर ओरखडा नाही. बॅटरी चार तास टिकते. टच चालतो, स्पीकर वाजतो, वाय-फाय पकडतं. पण सरावाच्या प्रश्नपत्रिकांचं पान उघडायला गेलं की एकच उत्तर: "तुमचे कनेक्शन खासगी नाही." आधी आम्ही होस्टेलच्या वाय-फायला शिव्या घातल्या. मग वाटलं घड्याळ चुकलं असेल, पण तारीख-वेळ बरोबर होती. तेच पान आमच्या मोबाईलवर झटक्यात उघडत होतं. शेवटी एकाने सेटिंगमध्ये जाऊन "टॅब्लेटविषयी" उघडलं. तिथे लिहिलं होतं: अँड्रॉइड ६.०. सिक्युरिटी पॅचची तारीख: २०१७.

म्हणजे टॅब घेतला त्या वर्षानंतर त्याची कुणी विचारपूसच केली नव्हती.

आता गंमत बघा. मेडिकलमधून दोन रुपयांची गोळी घेतली तरी तिच्या पाकिटावर एक्सपायरी डेट छापलेली असते. इंग्रजीत तीही टॅब्लेटच! मग हजारो रुपयांच्या या टॅब्लेटवर ती तारीख का नसते? हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

१. नेमकं बिघडलं काय?

हार्डवेअर ठणठणीत असताना टॅब "मरतो" कसा, हे समजायला आपल्या ऑफिसातल्या बोनाफाइडचं उदाहरण घेऊ. तुम्ही एसटीच्या पाससाठी बोनाफाइड घेऊन जाता. खिडकीवरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, पण त्यावरचा शिक्का ओळखतो. शिक्का ओळखीचा असेल तर काम होतं, नसेल तर "चला पुढे."

इंटरनेटवर हेच चालतं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ तुमच्या टॅबला आपलं प्रमाणपत्र दाखवतं. त्यावर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचा डिजिटल शिक्का असतो. कोणकोणत्या संस्थांचे शिक्के चालतील, याची यादी टॅबच्या सिस्टिममध्ये आधीच भरलेली असते. जुन्या अँड्रॉइडमध्ये ही यादी सिस्टिम अपडेट आला तरच बदलते. (अँड्रॉइड १४ पासून ती वेगळी, प्ले स्टोअरच्या मार्गाने बदलण्याची सोय झाली.)

आता 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची एक संस्था फुकट प्रमाणपत्रं देते. जगातली असंख्य छोटी-मोठी संकेतस्थळं तीच वापरतात. पण या संस्थेचा स्वतःचा शिक्का अँड्रॉइडच्या यादीत ७.१.१ पासून आला. त्याआधीच्या टॅबना हे प्रमाणपत्र चालायचं, कारण दुसऱ्या एका जुन्या, ओळखीच्या संस्थेने "हा आमचा माणूस आहे" अशी हमी दिली होती. त्या जुन्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. पुढे खास तडजोड करून जुन्या अँड्रॉइडसाठी ही हमी २०२४ पर्यंत ओढली, आणि मग तीही संपली.

मावशींच्या टॅबचं दुखणं हेच होतं. खिडकीवरचा कारकून २०१७ ची यादी घेऊन बसला होता आणि नवा शिक्का बघून म्हणत होता, "हा मला माहीत नाही." टॅबमधला एकही ट्रान्झिस्टर बिघडलेला नव्हता!

दुसरं कारण अ‍ॅपचं. अ‍ॅप लिहिणारा ठरवतो की कमीत कमी अमुक आवृत्तीचं अँड्रॉइड पाहिजे. जुन्या आवृत्त्यांवर तपासणी करत बसायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून दरवर्षी ही किमान पायरी वर सरकते. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ साठी 'प्ले सर्व्हिसेस'चे अपडेट गुगलने २०२३ मध्ये थांबवले. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या यंत्रांवर तर २७ सप्टेंबर २०२१ पासून गुगल खात्यात लॉगिनच होईना.

तिसरं कारण बॅटरीचं, आणि हे मात्र खरोखरचं म्हातारपण आहे. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की तिची क्षमता उतरते. यात कुणाचं कारस्थान नाही, रसायनशास्त्र आहे. पण बॅटरी गोंदाने अशी चिकटवायची की बदलताना स्क्रीन फुटावी, हे रसायनशास्त्र नव्हे. तो डिझाइन करणाऱ्याचा निर्णय आहे.

२. अपडेट येतो कुठून, अडतो कुठे?

आपल्याला वाटतं, अपडेट म्हणजे कंपनीने एक बटण दाबायचं. तसं नाही. ही शर्यत रिलेची आहे.

पहिला धावपटू गुगल. तो अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि सुरक्षेचे पॅच काढतो. दुसरा चिप बनवणारा. त्या चिपवर अँड्रॉइड चालायला लिनक्स कर्नल आणि ड्रायव्हर लागतात. कर्नलचा सोर्स जीपीएल परवान्यामुळे द्यावा लागतो, पण ग्राफिक्स, कॅमेरा, मोडेम यांचे काही भाग बहुधा बंद डब्यासारखे, फक्त बायनरी स्वरूपात मिळतात. तिसरा टॅब बनवणारी कंपनी. ती हे सगळं जुळवते, तपासते आणि आपल्या हातात देते.

यातल्या दुसऱ्याने नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर दिले नाहीत, तर तिसऱ्याला इच्छा असूनही काही करता येत नाही. स्वस्त टॅबमध्ये नफा पातळ असतो, मॉडेल सहा महिन्यांत बदलतं, आणि विकून झालेल्या मॉडेलवर पगारी माणूस बसवायला कुणी तयार नसतं. बॅटन तिथेच जमिनीवर पडतो.

हा गुंता सुटावा म्हणून गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणलं. चिपवाल्याचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यामध्ये एक पक्की सीमा आखली, म्हणजे एक बदलताना दुसऱ्याला हात लावावा लागू नये. २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. म्हणजे अडचण कायमची नव्हती. ठरवलं की जमतं. फक्त हे जमलं ते महागड्या फोनमध्ये!

अ‍ॅपलचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. चिप, सिस्टिम आणि यंत्र तिन्ही एकाच घरचं. तरी २०१० चा पहिला आयपॅड २०१२ च्या आयओएस ६ मधून वगळला गेला. अडीच वर्षंही झाली नव्हती! आणि त्याच कंपनीचा २०१४ चा आयपॅड एअर २ मात्र २०२१ च्या आयपॅडओएस १५ पर्यंत चालत आला. कंपनी तीच, पण आयुष्य किती वेगळं.

३. मुद्दाम करतात का हो?

चहाच्या टपरीवर याचं उत्तर तयार असतं: "सगळं सेटिंग आहे रे!" पण आपण अभियंते. आरोप करायचा तर पुराव्यानिशी करू.

मुद्दाम आयुष्य कमी केल्याचं सर्वात गाजलेलं प्रकरण बल्बचं. १९२४ मध्ये जीनिव्हात ओसराम, फिलिप्स वगैरे बड्या कंपन्यांनी 'फीबस' नावाची युती केली आणि घरगुती बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड! दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ही युती मोडली. पण इथेही दुसरी बाजू आहे. बल्बची तार जास्त टिकवायची तर ती कमी तापवावी लागते, मग त्याच विजेत उजेड कमी पडतो. म्हणजे १००० तासांच्या आकड्याला तांत्रिक आधार होता. जास्त टिकवणाऱ्याला दंड करायला मात्र कोणताच तांत्रिक आधार नव्हता.

'योजनाबद्ध कालबाह्यता' हा शब्दप्रयोगही याच काळातला. १९३२ मध्ये, जागतिक मंदी ऐन भरात असताना, अमेरिकेत बर्नार्ड लंडन यांनी हा शब्दप्रयोग शीर्षकात असलेली पुस्तिका काढली. त्यांचं म्हणणं होतं की सरकारनेच वस्तूंचं आयुष्य ठरवावं, मुदत संपली की त्या मोडीत काढाव्यात, म्हणजे कारखाने चालू राहतील. आज वाचताना हसू येतं, पण निदान त्यांच्या योजनेत तारीख सगळ्यांना आधी माहीत असणार होती!

आता अलीकडचं प्रकरण. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी झिजलेल्या काही जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. कारण काय, तर झिजलेली बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, आपल्यापैकी कुणीही कदाचित हाच उपाय केला असता. पण हे ग्राहकाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं फोनच म्हातारा झाला, आणि कित्येकांनी नवा घेतला. २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल.

म्हणून टपरीवरच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: काही ठिकाणी मुद्दाम होतं, काही ठिकाणी झीज खरी असते. पण स्वस्त टॅबच्या बाबतीत बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. त्याचं मरण कुणी ठरवलेलं नसतं, पण त्याने किती जगायचं हेही कुणी ठरवलेलं नसतं. आणि ग्राहकाच्या खिशाला दोन्हींचा फटका सारखाच बसतो.

४. 'आकाश'ची आठवण

आपल्याकडचं सर्वात मोठं उदाहरण 'आकाश' टॅब्लेटचं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिबल यांच्या हस्ते तो बाजारात आला. डेटाविंड कंपनीचा, जगातला सर्वात स्वस्त म्हणून गाजलेला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि अँड्रॉइड २.२. ही आवृत्ती २०१० ची होती. आकाशचं उद्घाटन झालं आणि दोनच आठवड्यांनी अँड्रॉइड ४.० जाहीर झालं! म्हणजे पाळण्यातच मूल मागे पडलं.

पुढची सूत्रं मुंबईच्या आयआयटीकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला. १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४.० आणि विद्यार्थ्यांसाठी किंमत ११३० रुपये. एक लाख टॅब देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पोचवायचे, अशी योजना होती. प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली आयआयटीच्या चमूने त्यावर सी, सी++, पायथॉन आणि सायलॅब चालवून दाखवलं. म्हणजे खिशातल्या टॅबवर प्रॅक्टिकल! कल्पना खरोखर सुंदर होती.

मग अडलं कुठे? वाद पुष्कळ झाले, टॅब वेळेवर न मिळण्याचे, दर्जाचे. पण सगळे वाद किमतीवर आणि प्रोसेसरवर झाले. "याला अपडेट किती वर्षं मिळणार?" हा प्रश्न त्या चर्चेत ठळकपणे कुठे आलाच नाही. आज पहिला आकाश कुणाच्या कपाटात चालू स्थितीत असला, तरी त्यावर गुगल खातं उघडणार नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. हेतू चांगलाच. पण बघा, २०१७ मध्ये नववीची पुस्तकं बदलली, २०१८ मध्ये आठवी आणि दहावीची. टॅबमधला अभ्यासक्रमही अपडेटच मागतो! अपडेट म्हणजे फक्त सिक्युरिटी पॅच नव्हे, आतला मजकूर ताजा ठेवणं हाही त्याचाच भाग.

हे का सांगायचं, तर अशा योजना संपलेल्या नाहीत. नागपूरच्या 'महाज्योती'तर्फे जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना मोफत टॅब देण्याची योजना आहेच. गरीब घरातल्या मुलाच्या हातात टॅब येणं ही मोठी गोष्ट आहे. याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांच्या काळी शिकायचं साधन म्हणजे पाटी. पाटी फुटेपर्यंत चालायची. आपली नवी पाटी न फुटताही बंद पडते आणि कधी पडणार हे कुणी सांगत नाही.

५. जगात काय चाललंय?

आता काही देशांनी ही तारीख छापायला लावली आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या बऱ्याच वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षा अपडेट कमीत कमी केव्हापर्यंत मिळतील हे जाहीर करावंच लागतं. यात मोबाईल आणि सिम बसणारे टॅब येतात. युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले: मॉडेलची विक्री थांबल्यावरही कंपनीने काढलेले अपडेट किमान पाच वर्षं मोफत मिळाले पाहिजेत, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीने ८०० चार्जिंगनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियमही आले. सुरुवात चांगली आहे. पण खोक्यावर तारीख अजून सक्तीची नाही.

६. मग आपण काय करायचं?

पहिलं, विकत घेताना. रॅम किती, मेगापिक्सेल किती, हे आपण तोंडपाठ विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: "सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?" दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. तिथेही नसेल तर धरून चाला की मिळणार नाहीत, आणि किंमत त्या हिशेबाने तोला. आठ हजारांचा टॅब दोन वर्षं चालला तर वर्षाला चार हजार. चौदा हजारांचा सात वर्षं चालला तर वर्षाला दोन हजार. स्वस्त कोणता?

दुसरं, जुना टॅब हाती असेल तर. फेकू नका. ज्या ब्राउझरकडे स्वतःची शिक्क्यांची यादी असते (उदा. फायरफॉक्स), तो टाकून बघा. पुस्तकं, पेपर पीडीएफ करून मेमरी कार्डात भरा, त्याला इंटरनेट लागत नाही. लिनिएजओएससारखी स्वयंसेवकांनी चालवलेली सिस्टिम आपल्या मॉडेलसाठी आहे का ते शोधा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा झकास विषय आहे! पण बॅटरी फुगली असेल तर तो टॅब लगेच बाजूला ठेवा, चार्ज करू नका.

तिसरं, आणि सर्वात महत्त्वाचं: उद्या आपण यंत्रं बनवणार आहोत. कुणी शिरवळच्या एमआयडीसीत जाईल, कुणी पुण्याला, कुणी बंगलोरला. कुणी सरकारी खात्यात खरेदीच्या निविदा लिहील. त्या निविदेत स्क्रीनच्या इंचांखाली एक ओळ वाढवा: "सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत देणे बंधनकारक राहील." एका ओळीला काहीच खर्च नाही, आणि तिच्या जोरावर हजारो मुलांच्या पाट्या चालू राहतील.

मावशींच्या टॅबचं पुढे काय झालं? आम्ही त्यात फायरफॉक्स टाकला आणि सरावाच्या पेपराचं पान उघडलं. बालभारतीची दहावीची पुस्तकं मेमरी कार्डात भरून दिली, नको ती अ‍ॅप काढून टाकली. मात्र एक गोष्ट बजावून सांगितली, "मावशी, यावर बँकेचं, पैशाचं काही करायचं नाही हं. याला आता नवं औषधपाणी मिळत नाही."

मावशी हसल्या. "आमी कुटलं ब्यांकेचं करतोय बाळा. तिचा अब्यास हुईस्तोवर चालू दे, म्हंजी झालं."

मार्चपर्यंत चालेल, असं आम्ही सांगितलं. पण खरं सांगायचं तर तेही अंदाजानेच. नक्की तारीख आम्ही चार इंजिनिअर मिळूनही सांगू शकलो नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती.

(दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावरच्या आमटीत डाळ सापडली, हे जाता जाता नमूद करतो!)

स्वाध्याय

१. आपल्या मोबाईल वा टॅबच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख शोधा आणि वहीत लिहा. ती आजपासून किती महिने मागे आहे?

२. आपल्या मॉडेलला अपडेट केव्हापर्यंत मिळणार हे कंपनीने कुठे जाहीर केलं आहे का, ते शोधा.

३. आपल्या खोलीतली एक "बिघडलेली" वस्तू निवडा. ती झिजली, तिच्याकडे दुर्लक्ष झालं की तिला मुद्दाम मारलं? कारणासहित लिहा.

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी